राजीनाम्यामागची कारणे

स्थिर नोकरी सोडून राजकारणात येणारा प्रत्येक जण निव्वळ सेवाभावाने येतो, हे लेखातील प्रतिपादन मला पटले नाही. आमच्या सोलापूरचेच उदाहरण घ्यावे. येथील न्यायालयात शिपाई म्हणून कामाला लागलेले सुशीलकुमार शिंदे पुढे पोलीस उपनिरीक्षक झाले, शरद पवार यांच्या आग्रहावरून १९७१ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि १९७४ मध्ये करमाळ्यातून ते आमदार झाले. मधल्या काळात अंगावर ना वर्दी होती, ना हाती आमदारकी; तेव्हा असा निर्णय घेताना सेवाभावाबरोबर महत्त्वाकांक्षा आणि पाठीशी उभ्या असलेल्या नेत्यावरचा विश्वासही असणारच, आणि त्यात गैर काही आहे असे मला वाटत नाही. (पुढे हेच उपनिरीक्षक देशाचे गृहमंत्री झाले, हा भाग निराळा.) सरकारी नोकराला निवडणूक लढवण्यापूर्वी राजीनामा द्यावाच लागतो, वकील किंवा डॉक्टर मात्र आपला व्यवसाय चालू ठेवून प्रचाराला उतरतो आणि हरला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्या खुर्चीत बसतो. या दोघांच्या त्यागाला लेखकाने एकाच मापाने मोजले आहे, हे मला खटकले.