तक्ता वाचता आला म्हणजे पडदा ठीक, असं नाही

भाऊ, तुमचा राग समजला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा माझा लेख घाबरवणारा आहे, असले लेख वाचूनच लोक गोळ्या सोडतात, असं तुमचं म्हणणं. आईंची गोळी संधिवातासाठी ८ वर्षांपासून सुरू आहे आणि सीताबर्डीवर चष्म्याच्या दुकानात त्यांनी तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचली, म्हणजे डोळे ठीक, असंही तुम्ही म्हणता.

गोळी सोडा असं मी कुठेही लिहिलेलं नाही. संधिवातात, ल्युपसमध्ये (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) ती फार कामाची आहे. डोस बरोबर असेल तर पहिल्या ५ वर्षांत डोळ्याच्या पडद्याला (रेटिनाला) इजा होण्याचं प्रमाण १ टक्क्याहून कमी, १० वर्षांपर्यंत २ टक्क्यांच्या आत. २० वर्षांनंतर मात्र ते २० टक्क्यांच्या घरात जातं.

पण तक्त्याचा दाखला मला मान्य नाही. इजा सुरू होते ती पडद्याच्या मधल्या बिंदूच्या भोवताली. ज्या बिंदूने आपण अक्षरं वाचतो तो बराच काळ शाबूत राहतो. फील्डच्या, म्हणजे नजरेचा आवाका तपासायच्या, मशीनवर मी रोज पेशंट बसवते: एक डोळा झाकलेला, हनुवटी टेकवलेली, समोर मिणमिणता ठिपका दिसला की बटण दाबायचं. तक्ता धडाधड वाचणारी बाई इथे एकाच पट्ट्यातले ठिपके ओळीने सोडत जाते, आणि तिला पत्ताही नसतो. त्यात आपल्या आशियाई लोकांत इजा बऱ्याचदा आणखी बाहेरच्या बाजूला सुरू होते, म्हणून नुसत्या १०-२ फील्डवर (मधल्या १० अंशांची तपासणी) भागत नाही, २४-२ (२४ अंशांपर्यंतची) पण करावी लागते. सोबत ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचं स्कॅन. पडद्यावर नेमबाजीच्या चकतीसारखं वर्तुळ दिसेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. गेलेली नजर परत येत नाही, कधीकधी गोळी थांबवल्यावरही इजा वाढत राहते.

मला खरं खटकलं ते तुम्ही जाता जाता लिहिलेलं: वजन ४५ किलो, गोळी रोज ४०० मिलिग्रॅम. किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असं धरतात, म्हणजे आईंसाठी २२५. गोळी मनाने अर्धी करू नका, पण हा हिशोब संधिवाताच्या डॉक्टरांसमोर या आठवड्यातच ठेवा. क्रिएटिनिनचा (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) रिपोर्टही न्या, किडनी मंद असेल तर औषध अंगात साचतं. ५ वर्षांनंतर पडद्याची तपासणी दरवर्षी हवी, डोस जास्त असेल तर त्याआधीच. आईंची एकदाही झालेली नाही.

धंतोलीत रेटिनाच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा गाडी तुम्ही चालवा. बाहुली मोठी करायचे थेंब टाकल्यावर आईंना दोन-चार तास ऊन सोसवणार नाही.