तू म्हणजे चष्मा

एका सकाळी माझा चष्मा हरवला. पाऊण तास घर उलटंपालटं केल्यावर तो माझ्याच डोक्यावर सापडला. एवढ्या नामुष्कीचं निदान काहीतरी चीज व्हावं म्हणून मी चार ओळी खरडल्या:

सकाळपासून धुंडाळतो तुला,
तुझ्याविना अवघं जग पुसट,
उशाखाली, कपाटात, दाराआड...
आणि तू माथ्यावर निवांत!

वर शीर्षक दिलं, 'शोध'. 'चष्मा' दिलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मग ते बालगीत वाटायला लागलं, आणि माझ्या वयाला ते शोभेना.

कविता एका मासिकात छापून आली. त्या रात्री साडेदहाला एका जुन्या मित्राचा फोन. आवाज खोल गेलेला.

"मन मोकळं कर. मी ऐकतोय."

"कशाबद्दल?"

"'पुसट' वाचलं ना, तेव्हाच ओळखलं. अजून विसरला नाहीस तिला."

कॉलेजातली कुणीतरी होती म्हणे. मला नाव आठवेना, त्याला मात्र पत्त्यासकट पाठ. अर्ध्या तासाने तोच हुंदके देत होता आणि मी त्याची समजूत काढत होतो.

बायकोने कविता दोनदा मनात वाचली, तिसऱ्यांदा मोठ्याने.

"ही 'तू' कोण?"

"ही नाही गं, हा. चष्मा."

"चष्म्याला कुणी 'तू' म्हणतं?"

शेवटच्या ओळीत 'बसलास' एवढं एक क्रियापद घातलं असतं तरी घरात शांतता नांदली असती. पण चार ओळींत 'तू'चं लिंग कळेल असा एक शब्द मी ठेवला नव्हता.

शेजारच्या निवृत्त मास्तरांनी जिन्यातच हात धरला. "माथ्यावर, म्हणजे योगातलं सहस्रार चक्र! साधना कधीपासून?" दुसऱ्या दिवशी एक दाढीवाला तरुण भेटला. त्याच्या मते माथ्यावर व्यवस्था बसली होती, आणि 'निवांत' हा शब्द भलताच जहाल होता.

तक्रार करायची तर कुणाकडे? मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने अकराव्या शतकातच, 'काव्यप्रकाश' या ग्रंथात, वाचकांची बाजू घेऊन ठेवली आहे. 'सूर्य मावळला' एवढंच वाक्य. ते ऐकून कुणाला वाटतं शत्रूवर चालून जावं, प्रियकराला भेटायला जाणाऱ्या अभिसारिकेला वाटतं आता निघावं, गुराख्याला वाटतं गुरं घराकडे वळवावीत, विक्रेत्याला वाटतं माल आवरावा. वाच्यार्थ, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ, सगळ्यांना एकच; व्यंग्यार्थ, म्हणजे त्यातून सुचणारा, ज्याचा त्याचा. सिद्धान्त बिनतोड आहे. पण ज्याने ते वाक्य उच्चारलं, त्या बिचाऱ्याला कुणी विचारलं का? त्याला नुसतं 'दिवा लावा' म्हणायचं असेल!

आठवडाभर मी इमानेइतबारे 'चष्मा, चष्मा' करत फिरलो. लोक मंद हसायचे. "कवी असंच म्हणणार," म्हणायचे. हळूहळू मी गप्प बसायला शिकलो. मग नुसती मान हलवायला. मग मान हलवून खिडकीबाहेर बघायला. याने आदर झपाट्याने वाढतो.

परवा एका घरगुती मैफलीत मला 'शोध' म्हणायला लावली. मास्तरांनी डोळे मिटले, मित्राने रुमाल काढला. तेवढ्यात पुढे बसलेली आठ वर्षांची भाची म्हणाली, "मामा, ही चष्म्याची कविता आहे ना?"

खोलीत शांतता. सगळे माझ्याकडे बघत होते.

"नाही गं बाळा," मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "ती फार खोल आहे. मोठी झालीस की कळेल."

मग वहीतली पुढची कविता वाचायला घेतली, तर अक्षरं पुसट. खिसे चाचपले, वहीखाली बघितलं.

"मामा," भाची म्हणाली, "डोक्यावर."