'बांबोळी हाकेवर आहे, कोऑर्डिनेटर हवेत कशाला?' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या डिचोली-सत्तरीच्या बहुतेक ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं की मानसिक आजारातून सावरणाऱ्या माणसाला घरची माया आणि वेळेवर गोळी पुरते, 'पुनर्वसन कोऑर्डिनेटर' (म्हणजे घरी जाऊन पेशंटला पुन्हा जगण्याला-कामाला लागायला मदत करणारा माणूस) तयार करायला ट्रेनिंग देणं म्हणजे निव्वळ दुकानदारी, गावात आशाताई आहेत त्या बघतील, गोव्यातल्याच अभ्यासात साध्या गावकऱ्यांनी हे काम करून दाखवलंय, बांबोळीचं मानसोपचार इस्पितळ तर हाकेवर, आणि तसंही असल्यांना काम कोण देणार.

आधी आशाताई. अहो, देशभर आशा आहेत पण गोव्यात ती योजनाच नाही! म्हणजे मेसेज घाटावरून उचलला आणि खाली 'गोंयकारांनो जागे व्हा' चिकटवलं. आपल्याकडे आरोग्य केंद्राच्या नर्सबाई आणि अंगणवाडीच्या बायका, त्यांना लसीकरण आणि डेंग्यूतून मान वर करायला वेळ मिळाला तर सांगा.

आता गोळी आणि माया. आई डाळीत गोळी कुस्करून घालते, मायेनेच हां, मुलाला चव कळते, तो घरचं जेवणच सोडतो, आणि शेजारी म्हणतात आजार वाढला. ट्रेनिंग घेतलेला कोऑर्डिनेटर आला की आधी विचारतो, बाबा गोळी का नको वाटते तुला? हात थरथरतात? वजन वाढलं? दुपारपर्यंत डोळेच उघडत नाहीत? लग्न झालेलं असेल तर अजून एक प्रश्न असतो तो आईसमोर विचारायचा नसतो, त्याला जरा अंगणात न्यावं लागतं. हे सगळं लिहून डॉक्टरपर्यंत पोचवायचं, गोळी बदलायची का ते डॉक्टर ठरवतील, पण ओपीडीच्या गर्दीत पेशंट 'बरं आहे' एवढंच बोलून उठतो तर त्यांना कळणार कुठून.

आणि हेच 'बरं आहे' अपंगत्वाच्या सर्टिफिकेटला पण नडतं. २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार अपंगत्वात धरलाय, मोजायला आयडियाज नावाचं माप आहे: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, या चार गोष्टींना शून्य ते चार गुण, वर आजार किती वर्षं आहे त्याचे वेगळे. बऱ्याच सवलतींसाठी ४० टक्के लागतात. चांगल्या दिवशी नेलं आणि आंघोळीला रोज किती वेळा सांगावं लागतं हे घरचे लाजेने बोललेच नाहीत, की गुण पडतात कमी आणि माणूस राहतो बाहेर. काय सांगायचं, कुठले कागद न्यायचे, हे अंगात येत नाही, शिकवावं लागतं.

घरच्यांनी बघावं म्हणता, पण घरच नसेल तर? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १९ वाचा. घरचे नाहीत किंवा त्यांनी नाकारलं, केवळ एवढ्यावर कोणाला संस्थेत ठेवता येत नाही, समाजात राहण्याचा हक्क आहे. पण हक्क कागदावर, आणि भाड्याची खोली मिळवून देताना घरमालकाशी बोलणारा माणूस लागतो, तो कुठून आणणार?

अभ्यासाचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त फसवा. संगत या गोव्यातल्या संस्थेच्या मानस प्रकल्पात (निकाल २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले) गोव्यातल्या साध्या माणसांनी समुपदेशन केलं, बरोबर. पण त्यांना आधी दोन महिने ट्रेनिंग होतं आणि वर देखरेख होती, ते मेसेजमध्ये कापलंय. फायदा सरकारी केंद्रांत दिसला, खाजगी दवाखान्यांत तसा नाही, हेही सांगायला हवं. ते काम मुख्यतः डिप्रेशन आणि अँग्झायटीचं. स्किझोफ्रेनियावर कोप्सी नावाचा अभ्यास तामिळनाडू, गोवा आणि साताऱ्यात झाला, २०१४ ला छापला, २८२ पेशंट. तिथेही घरी जाणारे लोक शिकवलेलेच, फरक मध्यमच पडला पण पडला. यातून ट्रेनिंग नको हे कसं निघतं ते मेसेजवाल्यानेच सांगावं.

बांबोळी हाकेवर? काणकोणहून निघा, मडगावला बस बदला, पणजीच्या बसमधून मध्ये उतरा, आणि हे सगळं कानात आवाज येणाऱ्या माणसाला घेऊन करा. नोकरी करणाऱ्या भावाची त्या दिवशीची रजा गेलीच.

राहिलं काम. आधी पूर्ण बरा होऊ दे मग बघू, असं म्हणत माणूस दहा वर्षं घरात बसतो. आता पद्धत उलटी आहे, आधी खरं काम मिळवून द्यायचं आणि मग तिथेच मागे उभं राहायचं. रात्रीच्या गोळीने सकाळी जड वाटतं म्हणून बेकरीवाल्याकडे पहाटेच्या भट्टीऐवजी दहानंतरचं पॅकिंग मागायचं, आजाराबद्दल त्याला किती सांगायचं ते पेशंटला विचारून ठरवायचं, आणि पहिल्या महिन्यात दोनदा दांडी पडली तर मालकाने काढून टाकायच्या आत आपण जाऊन बोलायचं.