क्लॉक आहे म्हणून डेटा चुकत नाही?

प्रोजेक्टचा हंगाम आला की मुंबईतल्या डिप्लोमा-इंजिनीअरिंगच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. सांगणं असं: एसपीआय आणि आयटूसी या चिपा कंट्रोलरला (बोर्डावरच्या छोट्या संगणक-चिपला) जोडायच्या पद्धतींमध्ये क्लॉकची, म्हणजे ठोके देणारी, वेगळी तार असते, म्हणून डेटा चुकूच शकत नाही; त्यातही आयटूसी संथ, तेव्हा एसपीआयच घ्या; आणि पुल-अप रेझिस्टरवर (तारेला वरच्या व्होल्टेजकडे ओढणाऱ्या रोधकांवर) पैसे घालवू नका, ते कंट्रोलरमध्ये असतातच.

पहिलंच विधान सगळ्यात घातक. यूएआरटी या बिनक्लॉकच्या जोडणीत दोन्हीकडचा वेग आधी जुळवावा लागतो, क्लॉक आला की ती कटकट मिटते, एवढं खरं. पण क्लॉक फक्त ‘आत्ता वाच’ म्हणतो. वाचलेलं बरोबर की चूक, त्याला काय ठाऊक? एसपीआयमध्ये क्लॉकच्या कुठल्या कडेला (ठोका चढताना की उतरताना) वाचायचं याचे चार मोड आहेत. मोड चुकला तर बिट सरकून येऊ शकतात आणि प्रोग्राम बिनतक्रार चालू राहतो. शिवाय एसपीआयला पोच नाही, म्हणजे ‘मिळालं’ असं समोरची चिप कळवत नाही. चिप सॉकेटमधून उपटून काढा, कंट्रोलर तरीही आठ ठोके देऊन आठ बिट ‘वाचतो’. बहुतेकदा सगळे शून्य किंवा सगळे एक. म्हणून फ्लॅश (मेमरी) चिप जोडली की आधी ९एफ कमांड देऊन तिची ओळख विचारावी. आयटूसीत दर आठ बिटांनंतर नववा पोचेचा असतो, समोर कुणी नसलं तर तिथेच कळतं. मात्र वाटेत एखादा बिट उलटला, तर आयटूसीही काही बोलत नाही.

आता संथपणा. १२८ बाय ६४ ठिपक्यांचा ओएलईडी डिस्प्ले म्हणजे १०२४ बाइट, पोचेसकट ९२१६ बिट. ४०० किलोहर्ट्झला जेमतेम २३ मिलिसेकंद. तापमान दाखवायला आणखी किती घाई? रंगीत टीएफटी डिस्प्ले किंवा एसडी कार्ड असेल तर एसपीआयच, वाद नाही. पण तिथे प्रत्येक चिपला सिलेक्टची (कुठल्या चिपशी बोलायचं ते निवडणारी) वेगळी तार लागते, हे मेसेजवाले सांगत नाहीत.

राहिले रेझिस्टर. आयटूसीत चिपा तार फक्त खाली ओढतात, वर न्यायचं काम पुल-अपचं. अर्डुइनो ऊनो या बोर्डाच्या कंट्रोलरमधले पुल-अप २० ते ५० किलोओहमचे. ३० किलोओहम आणि तारांची १०० पिकोफॅरड धारिता धरली तर सिग्नल वर यायला अडीच मायक्रोसेकंद लागतात, १०० किलोहर्ट्झलाही मर्यादा १ मायक्रोसेकंदाची आहे. मग अनेकांचं चालतं कसं? लॅमिंग्टन रोडवरून (मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून) आणलेल्या मॉड्यूलवर बऱ्याचदा रेझिस्टर आधीच सोल्डर केलेले असतात. श्रेय मात्र कंट्रोलरला. नुसती चिप लावणार असाल तर ४.७ किलोओहमचे दोन घ्या, एक एसडीएला (डेटाच्या तारेला), एक एससीएलला (क्लॉकच्या तारेला). चिप ३.३ व्होल्टची असेल तर त्यांची दुसरी टोकं ३.३ ला जोडा, ५ ला नाही.