लाल रंगातले किडे आणि तो फॉरवर्ड

"लाल आईस्क्रीम, लाल गोळ्या, लिपस्टिक, सगळ्यांत किडे चिरडून घालतात. हे विष आहे, कंपन्या नाव लपवतात. त्यापेक्षा बीट किंवा लाखेचा शुद्ध वनस्पतिजन्य रंग वापरा." हा मेसेज सध्या फिरतोय. एक चिमूट खरं आहे त्यात, म्हणून तो पसरतो.

सगळ्यांत? नाही. अल्युरा रेड, कार्मोइसिन, पॉन्सो ४आर हे लाल रंग रसायनातून बनतात, किड्याचा संबंध नाही. किड्याचा रंग म्हणजे कार्माइन, लेबलवर ई१२०. एक किलो सुक्या किड्यांसाठी साधारण दीड लाख किडे लागतात. हा स्वस्तातला मामला नव्हे.

चिरडून? कोचिनिअल हा तो किडा. फड्या निवडुंगाला चिकटून राहतो, मुख्य उत्पादन पेरू देशात. रंगासाठी मादीच घेतात. वाळली की राखाडी, सुरकुतलेला दाणा दिसतो. तो चुरून थेंबभर पाणी घाला, गर्द लाल. लिंबू पिळा, नारिंगी. धुण्याचा सोडा टाका, जांभळा. कारखान्यात हाच रंग पाण्यात उतरवून, गाळून अॅल्युमिनियमच्या क्षाराने बसवतात. आईस्क्रीममध्ये पाय-डोकी सापडणार नाहीत. अर्थात शाकाहारी माणसाला या तपशिलाचं काय? त्याचा आक्षेप मला पूर्ण पटतो.

विष? नाही. पण किड्याची थोडी प्रथिनं रंगात उरतात आणि काहींना त्यांची तीव्र अॅलर्जी होते. त्यामुळेच अमेरिकेत जानेवारी २०११पासून खाद्यपदार्थांवर आणि सौंदर्यप्रसाधनांवर या रंगाचं नाव लिहावं लागतं. त्याआधी खाद्यपदार्थांवर 'रंग घातला आहे' एवढ्यावर भागायचं. तेव्हा लपवण्याची तक्रार अगदीच हवेतली नव्हती.

आता बीट. बीट घालून केक भाजलेल्या कुणालाही विचारा: पीठ गुलाबी, केक तपकिरी. उष्णता आणि उजेड बीटाच्या रंगाला सोसत नाहीत, कार्माइनला सोसतात. द्राक्षाच्या सालीचा रंग आंबटात लाल, दुधात घातला की निळसर. स्टारबक्सने २०१२मध्ये कोचिनिअल सोडून टोमॅटोतलं लायकोपीन घेतलं. पर्याय आहेत, पण प्रत्येक पदार्थाला वेगळा शोधावा लागतो. कापडाला तर बीट धुण्यातच जातं. तिथे मंजिष्ठेच्या मुळांचा लाल रंग आणि तो पक्का करायला तुरटी.

आणि लाख? तीही किड्याचीच. झाडाच्या फांदीवर लाखेचे किडे जो थर तयार करतात, त्यातूनच तो 'शुद्ध वनस्पतिजन्य' रंग निघतो.