दगड-बर्फ तुमचा, लाकूड आमचं

"दोन्ही जमिनी सरकारच्याच ना? मग मधली रेघ पुसायला एवढं काय रामायण?"

बंड्याने सुरुवातच अशी केली आणि वकील हसला. वकील असा हसला की समजायचं, आता तासाभराची निश्चिंती.

विषय होता राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून असलेलं सरकारी जंगल यांच्यामधली हद्द. बंड्याचं म्हणणं सरळसोट: जंगल चांगलं असेल तर उद्यानात घ्या, उद्यानाचा एखादा तुकडा बिनकामाचा असेल तर जंगलखात्याला देऊन टाका. घरातल्या घरात तर व्यवहार.

"सरकार एक असतं हे तुला कोणी सांगितलं?" वकील म्हणाला. "अमेरिकेचं बघ. राष्ट्रीय उद्यानं इंटिरियर खात्याकडे, आणि नॅशनल फॉरेस्ट १९०५ पासून शेतकी खात्याकडे. उद्यानात व्यापारी तोड नाही, शिकार जवळपास बंद. रेघेपलीकडे तोच डोंगर, तीच झाडं, पण तिथे परवान्याने लाकूड तोडता येतं, गुरं चारता येतात, हंगामात शिकार करता येते. साधं कुत्रं घेऊन फिरायला गेलास तरी जंगलातल्या पायवाटेवर चालतं, उद्यानात शिरलास की बहुतेक पायवाटांवर बंदी. रेघ सरकवली म्हणजे त्या जमिनीवरचा कायदा बदलला. जमीन जागच्या जागी असते."

अण्णांना हे पटलं, पण त्यांचा मुद्दा वेगळा होता. त्यांची उभी हयात भूमी अभिलेखमध्ये गेली. कुठलाही वाद ते मोजणीवर आणून ठेवतात. "रेघ मारली कशावरून, ते आधी सांगा. तिथलं यलोस्टोन उद्यान १८७२ चं. तेव्हा त्या मुलुखाची धड मोजणीही झालेली नव्हती. नकाशावर पट्टी ठेवून मारलेली रेघ. आता ती जमिनीवर शोधा! एक पाय दरीत, एक पाय कड्यावर. पहाऱ्यावरच्या माणसाला कळत नाही आपण आत की बाहेर, तर शिकाऱ्याला काय कळणार? म्हणून १९२९ मध्ये पूर्वेकडची हद्द अब्सारोका डोंगराच्या धारेवर नेली. पाणी अलीकडे वाहिलं तर आत, पलीकडे वाहिलं तर बाहेर. आंधळ्यालाही समजेल."

"आणि पश्चिमेची?" शमाने विचारलं.

"ती बरीचशी राहिली सरळ."

शमा प्राणिशास्त्र शिकवते. तिने मोबाइलवर त्या पश्चिम हद्दीचा उपग्रहातून घेतलेला एक जुना फोटो काढला. फोन हातोहात फिरला. डावीकडे टार्गी नॅशनल फॉरेस्ट: चौकोन चौकोन तोडलेलं, मधून ट्रकचे रस्ते, उघडी पडलेली फिकट जमीन. उजवीकडे यलोस्टोन, सलग गडद हिरवं. मधोमध उभी रेघ, सुरीने कापावी तशी. अवकाशातून दिसणारी कागदावरची हद्द मी तरी पहिल्यांदाच पाहिली.

"बघा!" बंड्या उसळला. "म्हणजे रेघ काम करते. मग ती अजून डावीकडे ढकला की!"

"तोडीपुरतं काम करते," शमा म्हणाली. "१९८८ च्या मोठ्या आगींमधली नॉर्थ फोर्कची आग टार्गीच्या बाजूला, हद्दीच्या जरा बाहेर लागली. लाकूडतोड्याने टाकलेल्या सिगारेटमुळे. आणि जळलं मुख्यतः उद्यान. आणि अण्णा, तुमची डोंगराची धार मोजणीदाराला सोयीची. एल्कचं काय? हे मोठं हरीण उन्हाळ्यात वर चरतं आणि बर्फ पडलं की खाली खोऱ्यात उतरतं. धारेवर हद्द मारली की बरेचदा उन्हाळ्याचं कुरण आत आणि हिवाळ्याचं बाहेर. वर्षातले जे महिने सगळ्यात वाईट, नेमके तेच तुमच्या हद्दीबाहेर."

अण्णा म्हणाले, मग धार नको तर काय, हरणांना विचारून हद्द आखायची? शमा शांतपणे म्हणाली, हो, जवळपास तसंच. साठच्या दशकात क्रेगहेड बंधू या संशोधकांनी यलोस्टोनच्या ग्रिझली अस्वलांना रेडिओ कॉलर लावले, तेव्हा कळलं की अस्वलाचा मुलूख उद्यानापेक्षा कितीतरी मोठा आहे आणि शेजारच्या जंगलांत पसरलेला आहे. १९३२ मध्ये उत्तरेला थोडी जमीन जोडली ती तर जनावरांच्या हिवाळी चराईसाठीच.

इथे मी तोंड घातलं, कारण मला एवढा वेळ एकच गोष्ट खुपत होती. हद्द बदलाची बातमी आली की आपण एकरांचा आकडा बघतो. इतके गेले, इतके आले, निव्वळ वाढ अमुक, छान. पण गेले कुठले आणि आले कुठले? योसेमिटी उद्यान १८९० चं. १९०५ मध्ये त्यातले ५०० हून जास्त चौरस मैल बाहेर काढले. कुठले? जिथे खाणी आणि लाकूड यांचे हितसंबंध होते ते. ऑलिंपिक पर्वतातलं राष्ट्रीय स्मारक (म्हणजे इमारत नव्हे, राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने राखलेली सरकारी जमीन) १९०९ चं, १९१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी ते जवळपास निम्मं केलं. त्यातही मोठ्या झाडांची जंगलं बाहेर गेली. ग्रँड टीटन उद्यान १९२९ मध्ये झालं तेव्हा आत काय घेतलं? शिखरं आणि पायथ्याची सहा तळी. खालचं खोरं, जिथे जनावरं हिवाळा काढतात आणि माणसं गुरं चारतात, ते बाहेर. दगड-बर्फ तुमचा, लाकूड आणि गवत आमचं. नकाशावर हिरवा रंग वाढतो आणि जमिनीवर कोणाचं काही बिघडत नाही. माझ्या मते हद्द बदलाच्या प्रस्तावात आकड्याच्या आधी उंची बघावी. आत येणारा तुकडा किती उंचीवर आहे, बाहेर जाणारा किती, आणि बाहेर जाणाऱ्यावर उभं लाकूड किती.

"टीटनचं पुढे काय झालं ते सांग की," वकील म्हणाला. त्याला ती कथा पाठ आहे आणि ती सांगायची संधी तो सोडत नाही, म्हणून मीच त्याला सांगू दिली.

अब्जाधीश रॉकफेलर यांनी एका कंपनीच्या नावाने, स्वतःचं नाव बाहेर येऊ न देता, खोऱ्यातली सुमारे ३५,००० एकर जमीन विकत घेत आणली होती. ती देऊ केली तरी काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, हलेना. शेवटी १९४३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी, राष्ट्राध्यक्षांना स्मारक जाहीर करू देणाऱ्या १९०६ च्या कायद्याचा आधार घेऊन, शेजारच्या नॅशनल फॉरेस्टची बरीच जमीन ओढून, २,२१,००० एकरांचं जॅक्सन होल राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. पशुपालक चिडले. वॉलेस बीअरी नावाचा हॉलिवूडचा नट बंदुका घेतलेल्या लोकांबरोबर गुरांचा कळप हाकत त्या जमिनीवरून गेला. आणि जंगलखात्याची माणसं? त्यांना जॅक्सन तळ्याजवळची चौकी उद्यानखात्याच्या ताब्यात द्यायची होती. दिली, पण नळ-पाइप, टेलिफोन, कपाटं आणि दारंसुद्धा काढून नेऊन.

"दारं?" बंड्या.

"दारं. एकाच सरकारची दोन खाती. तुझा घरातल्या घरात व्यवहार."

१९५० मध्ये तडजोड झाली, स्मारकाचा मोठा भाग उद्यानात गेला. त्या कायद्याची कलमं वाचली की हद्द म्हणजे काय ते कळतं, असं वकिलाचं मत आहे आणि मला ते मान्य आहे. आधीपासून चराई करणाऱ्यांचे हक्क काही काळ चालू ठेवले. कराचं उत्पन्न बुडालं म्हणून काउंटीला (तिथल्या जिल्ह्याला) भरपाई. यापुढे वायोमिंगमध्ये, म्हणजे टीटन ज्या राज्यात आहे तिथे, काँग्रेसच्या संमतीशिवाय राष्ट्राध्यक्षांनी स्मारक करायचं नाही. आणि एल्कची संख्या आटोक्यात ठेवायला उद्यानात शिकार चालेल, पण शिकाऱ्याला तेवढ्यापुरतं रेंजर म्हणून नेमायचं.

यावर बंड्या इतका हसला की अण्णांना त्याला आवरावं लागलं. शिकार करणारा रेंजर! शमाला मात्र ते हसण्यासारखं वाटलं नाही. ती म्हणाली, उलट ते प्रामाणिक आहे. खोरं आत घेतलं म्हणून तिथली शिकार एका दिवसात थांबणार नव्हती. ती कोणत्या नियमाखाली होईल, हे निदान लिहून ठेवलं.

मग गाडी आपल्याकडे वळली, ती वळणारच होती. वकिलाने सांगितलं की १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानाची हद्द राज्य सरकार आपल्या मनाने बदलू शकत नाही, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते आणि त्या मंडळाचे अध्यक्ष पंतप्रधान असतात. त्याच्या मते हे उत्तम आहे, कुलूप जितकं जड तितकं बरं. एकदा का "किरकोळ दुरुस्ती" म्हणून फाइल उघडली की खाणवाला, रस्तेवाला, धरणवाला, सगळे आपापला तुकडा घेऊन हजर.

"आणि माळढोक पक्ष्याचं अभयारण्य?" अण्णांनी विचारलं.

वकील जरा थांबला. माळढोक अभयारण्य सोलापूर-नगरकडचं, आधी ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावं, शेती, रस्ते, बाजारपेठा, सगळं आलं. अण्णा म्हणाले, अशा हद्दीला कागदावरही अर्थ नसतो, लोक फक्त पक्ष्याचा राग करायला शिकतात. शेवटी ती १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली. कुलूप इतकं जड असतं तर ते झालंच नसतं. पण ते झाल्यावर पक्षी वाचला म्हणावं, तर तसंही नाही. आज त्या अभयारण्यातल्या नान्नजला माळढोक दिसला तर बातमी होते. थोडक्यात, मोठी हद्द चुकली म्हणून छोटी बरोबर ठरत नाही. यावर दोघंही गप्प बसले, जे क्वचित घडतं.

शमाने मधला रस्ता सुचवला: हद्द हलवूच नका, दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांना एका टेबलावर बसवा. यलोस्टोनभोवती १९६४ पासून उद्यान आणि जंगलखात्याची समन्वय समिती आहेच. ताडोबात ६२५ चौरस किलोमीटरचा गाभा आणि भोवती बफर, म्हणजे सैल नियमांचा पट्टा, तोही त्याच विचारातला. वकील म्हणाला, समितीला दात नसतात. शमा म्हणाली, दात नसले तरी कान असतात, आधी तेवढं तर होऊ दे. हा भाग आम्ही लवकर आटोपला, कारण समित्यांवर बोलायला कोणालाच मजा येत नाही.

शेवटी अण्णांनी आपली अट मांडली. हद्द बदलायची तर एकाच मापाचे दोन नकाशे, जुना आणि नवा, गावात लावा. प्रत्येक तुकड्यापुढे लिहा: काल इथे काय चालत होतं, उद्या काय चालेल, कोणाचा परवाना जाईल, त्याला काय मिळेल. मी त्यात उंची आणि लाकडाचा रकाना घालायला सांगितला. वकीलही तयार झाला.

बंड्याच अडला. "एवढी यादी होईपर्यंत आतलं जंगल शिल्लक राहील का?"

शमा म्हणाली, हे मात्र त्याचं खरं आहे. कॅलिफोर्नियातलं रेडवुड उद्यान १९६८ मध्ये झालं तेव्हा सर्वांत उंच झाडांपर्यंत जायला ओढ्याच्या काठाने एक चिंचोळी पट्टी तेवढी घेतली. तिला तिथले लोक किडाच म्हणायचे. वरचा डोंगर हद्दीबाहेर राहिला, तिथे तोड चालू राहिली आणि गाळ ओढ्यातून थेट त्या झाडांच्या पायाशी यायला लागला. दहा वर्षं वाद चालला. १९७८ मध्ये ४८,००० एकर जोडले, तेव्हा त्यातले सुमारे ३९,००० आधीच तोडून झाले होते.

"पण ती जमीन लाकूड कंपन्यांची होती, सरकारी जंगल नव्हतं ते," वकिलाने दुरुस्ती केली. मुद्दा बरोबर होता.

"झाडाला काय फरक पडला?" बंड्या म्हणाला, आणि वकिलाने दुसरा मुद्दा काढायला सुरुवात केली.