तारा लावलेल्या मुलांना ब्रश बंद करायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

दातांना तारा लावलेल्यांसाठी म्हणून एक लांबलचक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. दवाखान्यात कुणी दाखवला की मी दोन वाक्यांत समजावून विषय संपवत होते. पण तो आमच्या घरच्या ग्रुपवरही आला. सासूबाईंनी काळजीपोटी नातवाला, म्हणजे माझ्या नणंदेच्या मुलाला, तो वाचून दाखवला. चौदा वर्षांच्या मुलाला ब्रश टाळायला निमित्तच हवं असतं. त्याने ब्रश सोडून दिला. नंतर मी त्याचं तोंड पाहिलं तेव्हा पुढच्या हिरड्या सुजून ब्रॅकेटच्या, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेल्या छोट्या तुकड्याच्या, कडेला टेकल्या होत्या आणि तारेखाली पांढरट थर साचला होता. माझा राग आईंवर, म्हणजे सासूबाईंवर, नाही. ज्याने हे लिहिलं आणि ‘जास्तीत जास्त पाठवा’ म्हणून सोडून दिलं, त्याच्यावर आहे. मी दातांची डॉक्टर आहे, म्हणून हे उत्तर.

मेसेजचं म्हणणं असं: ब्रशने ब्रॅकेट सैल होतात आणि दात हलायला लागतात, म्हणून फक्त बोटाने दात घासा. हिरड्यांतून रक्त आलं तर ब्रश महिनाभर बंद ठेवा. पिवळेपणा घालवायला लिंबू, मीठ आणि खायचा सोडा चोळा. पेस्टमधलं फ्लोराइड विष आहे. तेलाच्या गुळण्या केल्या की दुसऱ्या कशाची गरज नाही. मिसरीने हिरड्या घट्ट होतात. आणि शेवटी, डॉक्टर हे मुद्दाम सांगत नाहीत.

यात सगळ्यात घातक आहे ते रक्त आलं की ब्रश बंद करणं. ऐकायला ते पटतं. जखमेला हात लावू नये हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. पण ब्रश करताना हिरडीतून येणारं रक्त बहुतेक वेळा ब्रशने झालेल्या जखमेचं नसतंच. दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या कडेला जंतूंचा चिकट थर बसतो, त्याने हिरडीला सूज येते, आणि सुजलेली हिरडी नुसत्या स्पर्शानेही रक्त सोडते. म्हणजे रक्त येतंय ते तिथली सफाई कमी पडते म्हणून. अशा वेळी सफाई थांबवली तर सूज वाढणार, रक्त आणखी येणार, आणि घरचे म्हणणार, बघा, अजून येतंय, अजून थोडे दिवस थांब.

हे माझं मत नाही. 1965 साली हॅराल्ड ल्यो या दंतसंशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे केलेला प्रयोग आम्हाला कॉलेजात शिकवतात, आणि आजही त्याला कुणी धक्का लावू शकलेलं नाही. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना त्यांनी दात साफ करणं पूर्ण थांबवायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा सफाई सुरू केली, आणि साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. औषध नाही, लेप नाही, फक्त सफाई. त्या लोकांच्या दातांवर तारा नव्हत्या. तारा असल्या की थर साचायला प्रत्येक दातावर एक ब्रॅकेट, त्याभोवती रबर आणि त्यावरून जाणारी तार, इतक्या जागा वाढतात. अशा तोंडाला महिनाभर ब्रश बंद ठेवायला सांगणाऱ्याने हा प्रयोग एकदा तरी वाचायला हवा होता.

आणि नुकसान हिरड्यांवर थांबत नाही. हिरड्या तरी पूर्ववत होतात, दाताचं तसं नाही. थरातले जंतू आपण खाल्लेल्या साखरेचं आम्ल करतात आणि ते आम्ल ब्रॅकेटच्या कडेने दाताच्या वरच्या आवरणातला, इनॅमलमधला, कॅल्शियम बाहेर काढतं. तिथे खडूसारखा पांढरा डाग पडतो. थर तसाच राहिला तर चार आठवड्यांतही हा डाग डोळ्यांना दिसू शकतो. म्हणजे मेसेजने सांगितलेला महिना त्याला पुरेसा आहे. दीड-दोन वर्षांनी तारा निघतात, दात सरळ रांगेत आलेले असतात, आणि प्रत्येक दातावर ब्रॅकेटच्या जागेभोवती पांढरी चौकट उरलेली असते. काही डाग फिके होतात, पण बरेचसे जन्मभर राहतात. ज्या हसण्यासाठी आईवडिलांनी एवढा खर्च केला, त्यावरच ते दिसतात.

ब्रशने ब्रॅकेट सुटतात हा मुद्दा लवकर संपतो. ब्रॅकेट चिकटवताना दाताच्या पृष्ठभागावर फॉस्फोरिक आम्लाचं जेल लावून तो आधी किंचित खडबडीत करतात, धुऊन कोरडा करतात, आणि मग रेझिन, म्हणजे चिकटवायचं द्रव्य, लावून ते निळ्या प्रकाशाने कडक करतात. ही पकड रोजचं चावणं सोसते. मऊ ब्रशचा जोर त्यापुढे काहीच नाही. ब्रॅकेट सुटतात ते चिक्की, चकली, कडक लाडू, ऊस, दातांनी सोललेलं कणीस, अख्खा पेरू, बर्फ आणि पेनाची टोपणं यांमुळे. मेसेजमध्ये यातल्या एकाचंही नाव नाही. दात हलतात हे मात्र थोडं खरं आहे, ते मी मान्य करते. उपचार चालू असताना दात थोडे हलतात, कारण दात सरकवायचे तर त्यांच्या एका बाजूचं हाड झिजून दुसऱ्या बाजूला नवीन तयार व्हावं लागतं. ते तारेच्या ताणाचं काम आहे, त्यात ब्रशचा काही संबंध नाही.

आता लिंबू. आम्ल किती तीव्र ते पीएचने मोजतात, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र. लिंबाच्या रसाचा पीएच दोन ते अडीचच्या आसपास असतो, आणि साडेपाचच्या खाली इनॅमल विरघळायला लागतं. जंतूंच्या ज्या आम्लापासून दात वाचवायचे, त्याहून कितीतरी तीव्र आम्ल आपण हाताने चोळायचं, आणि वर त्या मऊ पडलेल्या दातावर मिठाचे खडे घासायचे! सोडा घातल्यावर फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. सोडा आणि लिंबू एकमेकांशी झगडतात त्याचा तो फेस, दातातली घाण निघाल्याचा नाही. नुसता खायचा सोडा सौम्य असतो, काही पेस्टमध्ये तो असतोही, हे खरं. पण तो तारेखाली पोचत नाही आणि डाग रोखत नाही. बरं, ज्या पिवळेपणाने मुलं घाबरतात तो पुष्कळदा दाताचा नसतोच. ब्रॅकेटवरची पारदर्शक किंवा फिक्या रंगाची रबरं आमटी-भाजीतल्या हळदीने पिवळी होतात. पुढच्या भेटीत ती बदलतात. गडद रंगाची मागून घ्या, प्रश्न मिटला.

फ्लोराइडच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, आणि ते आपल्याच राज्यातलं आहे. यवतमाळ, चंद्रपूर भागातल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे आणि तिथल्या मुलांच्या दातांवर त्याचे तपकिरी डाग दिसतात. त्या गावांचं दुःख मी नाकारत नाही. पण ते वर्षानुवर्षं पोटात गेलेल्या पाण्यामुळे, आणि दात जबड्यात तयार होत असताना घडतं. चौदा वर्षांच्या मुलाच्या, अक्कलदाढा सोडल्या तर, सगळ्या दातांचं इनॅमल केव्हाच तयार झालेलं असतं. पेस्ट गिळायची नसते, थुंकायची असते. आपल्याकडे पेस्टमध्ये फ्लोराइड किती असावं याला 1000 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांची, कायदेशीर मर्यादाही आहे. ब्रॅकेटभोवतीचे पांढरे डाग रोखायला घरच्या घरी सगळ्यात भरवशाचं जे आहे, ते हेच फ्लोराइड. थुंकल्यावर लगेच पाण्याने खळाळून चूळ भरू नका, म्हणजे ते दातावर राहील.

तेलाच्या गुळण्यांबद्दल मी हात राखून बोलते, कारण ‘आयुर्वेदात सांगितलंय’ म्हटलं की घरात पुढचं कुणी ऐकत नाही. सांगितलंय, बरोबर. गंडूष (तेल तोंडात भरून धरणं) आणि कवल (ते तोंडात खळखळवणं) दोन्ही आहेत. पण चरकसंहितेच्या ज्या अध्यायात तेलाच्या गुळण्या आहेत, त्याच अध्यायात दिवसातून दोन वेळा दात घासायलाही सांगितलं आहे, टोक चेचून मऊ केलेल्या काडीने आणि हिरड्यांना इजा न करता. म्हणजे दोन वेळा, मऊ ब्रश, हळू हात. आई, हे खास तुमच्यासाठी लिहिलंय. तेलाच्या गुळण्या हव्या तर करू द्या, पण ब्रश करून झाल्यावर. चिकटलेला थर घासल्याशिवाय निघत नाही. कडुलिंबाची काडी मात्र तारा असेपर्यंत बाजूला ठेवा, ती तारेखाली शिरत नाही आणि तिचे धागे अडकतात.

मिसरीवर मला जास्त बोलावंसं वाटत नाही, पण गप्पही बसवत नाही. मिसरी म्हणजे तव्यावर भाजून पूड केलेली तंबाखू. ती लावून हिरडी घट्ट होत नाही. थोडी बधिर होते, आणि निकोटीनची तलफ लागते. तोंडाचा कॅन्सर तंबाखूने होतो हे आता कुणाला सांगायला नको. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने 1992 सालीच बंदी घातली. आपल्या किती घरांत आजी-काकू सकाळी मिसरीशिवाय दिवस सुरू करू शकत नाहीत, ते आपण पाहतो. ती सवय शाळकरी पोराच्या हाती औषध म्हणून देणाऱ्याला माफी नाही.

मग करायचं काय? खाल्ल्यावर दर वेळी पाण्याने जोरात चूळ, शाळेच्या मधल्या सुट्टीतही. सकाळी आणि रात्री मऊ ब्रश, आधी तारेच्या वरून तिरका धरून हिरडीच्या कडेवर, मग तारेच्या खालून, मग आतली आणि चावायची बाजू. तारेखाली दोन ब्रॅकेटांच्या मध्ये छोटा इंटरडेंटल ब्रश घालून मागे-पुढे करायचा. बाटली धुण्याच्या ब्रशचं इवलंसं रूप असतं ते, औषधाच्या दुकानात मिळतं. रात्री एकदा फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, तारेखालून ओवायच्या सुईसारख्या थ्रेडरने. वेळ लागतो, विशेषतः सुरुवातीला, आणि मुलं कंटाळतात. तार गालाला टोचून तोंड आलं असेल तर टोचणाऱ्या जागी डॉक्टरांनी दिलेलं मेण लावा आणि कोमट मीठपाण्याच्या गुळण्या करा. मिठाचा एवढा उपयोग खरा आहे. रक्त येत असेल तरी हळू हाताने ब्रश चालू ठेवा, आणि दोन आठवड्यांत सूज उतरली नाही तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा.

राहिला डॉक्टर सांगत नाहीत हा आरोप. लपवण्यासारखं त्यात काही नाही, पण पुरेसं सांगितलं जात नाही हे मला कबूल करावं लागतं. तार बदलायची, रबरं बदलायची, ‘नीट ब्रश कर हं’ म्हणायचं आणि पुढच्या पेशंटला बोलवायचं, असं बऱ्याच दवाखान्यांत चालतं. नीट म्हणजे कसं, ते मुलाला कळत नाही, आणि त्या रिकाम्या जागेत असले मेसेज शिरतात. म्हणून पुढच्या भेटीला मुलाचा ब्रश पिशवीत टाकून न्या. थर कुठे साचलाय ते थराला रंग चढवणारी गोळी चघळायला देऊन आरशात दाखवा म्हणा, आणि त्याच्याच ब्रशने त्याच्याच तारांवर करून दाखवायला सांगा. दाखवल्याशिवाय उठू नका.